धीर कोणाला सांगितलाय

आगमनकाळ म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारांचा काळ. त्यातल्या तिसऱ्या रविवारी चर्चमध्ये गुलाबी मेणबत्ती पेटते. यंदा त्या दिवशी मराठी मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, बायबलमधलं दुसरं वाचन माझ्याकडे होतं. याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय, वचन ७ ते १०. शेतकरी पहिल्या आणि शेवटच्या पावसाची वाट बघत धीर धरतो, तसा तुम्हीही धरा, प्रभूचं येणं जवळ आलं आहे.

वाचन माझ्याकडे असलं की मी आदल्या रात्री अख्खा अध्याय वाचून काढते. आई तसं करायची. आणि अख्खा अध्याय वाचला की ही चार वचनं तेवढी गोड राहत नाहीत. त्यांच्या आधीची सहा वचनं श्रीमंतांना उद्देशून आहेत, आणि चौथं तर थेट मजुरीबद्दल आहे. ज्यांनी तुमची शेतं कापली त्यांची मजुरी तुम्ही अडकवून ठेवलीत, ती मजुरीच आता ओरडते आहे, आणि कापणाऱ्यांचा आक्रोश देवाच्या कानी गेला आहे. ही वचनं आपल्याकडे वेगळ्या वर्षी, वेगळ्या रविवारी येतात. त्यामुळे आगमनकाळात कानावर पडतो तो फक्त धीर. पण याकोब धीर धरा म्हणतो ते ज्यांची मजुरी अडकली आहे त्यांना. ज्यांनी अडकवली त्यांना तो म्हणतो, रडा, आकांत करा. मुंबईत आपण मजुराला थांबायला सांगतो आणि थांबवणाऱ्याला काहीच म्हणत नाही.

मी अंधेरी पूर्वेला गावठाणात राहते. आजूबाजूला जुन्या चाळी पाडून टॉवर उभे राहताहेत. गावठाणाबाहेरच्या नाक्यावर सकाळी सातपासून माणसं उभी असतात. थापी आणि ओळंबा पिशवीत घातलेले मिस्त्री, रंगारी, जेवणाचा डबा घेतलेल्या बिगारी बायका. मुकादम येतो, माणसं निवडतो, टेम्पोत बसवतो. दहा वाजले की उरलेले घरी. मोठ्या साइटवर काम लागलं तर रोजचा पैसा रोज मिळत नाही. आठवड्याला खर्ची, म्हणजे खर्चापुरती उचल मिळते, बाकीचा हिशोब काम संपल्यावर. मग काम संपतं आणि मुकादमाचा फोन बंद लागायला लागतो.

आमच्या पॅरिशमधल्या, म्हणजे चर्चच्या, सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी या गरिबांना मदत करणाऱ्या संस्थेत मी आहे. आगमनकाळात आम्ही रेशनच्या पिशव्या भरतो: तांदूळ, तूरडाळ, तेल, साखर, साबण. यंदा त्यातल्या काही नाक्यावरच्या बायकांना दिल्या. परभणीकडची एक बाई, साधारण माझ्याच वयाची. तिने पिशवी घेतली, कपाळाला लावली, आणि पदराआडून एक वही काढली. पोराची शाळेची जुनी वही. पुढे पाढे, मागच्या पानांवर निळ्या पेनाच्या उभ्या रेघा. एक रेघ म्हणजे एक हजेरी, अर्ध्या दिवसाला अर्धी रेघ. दिवाळीआधीचं काम होतं. स्लॅब टाकून झाला होता आणि खर्ची सोडली तर सगळा हिशोब बाकी होता.

"ताई, हे देता ते देवाचंच," ती म्हणाली. "पण तुमच्या चर्चचा शिक्का असंल ना? त्या शिक्क्याचं एक पत्र ठेकेदाराला द्या. आमचं कोण ऐकतंय."

मीटिंगमध्ये मी हे मांडलं तेव्हा एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, आपण भांडणात पडायचं नाही, आपलं काम सेवा. माणूस मोठ्या मनाचा आहे, वर्षानुवर्षं स्वतःच्या पेन्शनमधून लोकांची औषधं आणून देतो. तरी त्यांचं हे मला पटत नाही. डाळ-तांदूळ मी प्रेमाने देते. मजुरी मात्र तिची स्वतःची आहे, ती कोणाच्या प्रेमावर का अवलंबून असावी? येणं बुडालेल्या बाईला पिशवी देऊन घरी पाठवलं, तर ज्याने बुडवलं त्याचीच सोय झाली.

हा काही माझ्या डोक्यातून निघालेला विचार नाही. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ मध्ये कामगारांच्या प्रश्नावर 'रेरूम नोवारूम' हे परिपत्रक काढलं. मजुरी बुडवणं हा देवाचा कोप ओढवून घेणारा मोठा गुन्हा आहे असं त्यात म्हटलंय, आणि आधार दिलाय तो याकोबाच्या याच चौथ्या वचनाचा. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोपनी लिओ हेच नाव घेतलं, आणि त्यामागे तेरावे लिओ आणि हे परिपत्रक असल्याचं स्वतः सांगितलं.

त्याच तिसऱ्या रविवारचं शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या आयुष्यावरचं वाचन, मत्तयचं होतं, अकरावा अध्याय. योहान बाप्तिस्ता तुरुंगातून शिष्यांकरवी विचारतो, येणारा तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट बघावी? येशू निरोप देतो: आंधळे पाहू लागलेत, पांगळे चालू लागलेत, गरिबांना शुभवर्तमान सांगितलं जातंय. योहानाची सुटका मात्र होत नाही.

हे ऐकताना मला दर वेळी फादर स्टॅन स्वामी आठवतात. झारखंडमध्ये विनाखटला तुरुंगात पडलेल्या आदिवासी तरुणांसाठी झटलेला हा येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरू ऑक्टोबर २०२० मधल्या अटकेनंतर तळोजा तुरुंगात होता. कंपवातामुळे हातात पेला धरवत नसे. स्ट्रॉ आणि सिपर मिळावा म्हणून त्यांना कोर्टात अर्ज करावा लागला, तोही आगमनकाळाच्या तोंडावर. ५ जुलै २०२१ ला वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात ते वारले, वय ८४. जामिनाचं प्रकरण हायकोर्टात चालूच होतं आणि खटला सुरूही झाला नव्हता. आशेबद्दल कोणी फार सोपं बोललं की मला ती कोठडी दिसते. योहानाला येशूने तुझं चांगलं होईल असं सांगितलं नाही, बाहेर काय घडतंय तेवढं सांगितलं. म्हणजे बाहेर काहीतरी घडत असलं पाहिजे, आणि ते घडवायला बाहेर असलेल्यांनी हातपाय हलवले पाहिजेत. मला आगमनकाळ असा कळतो.

फादरांनी पत्र दिलं, शिक्क्यासकट. ठेकेदाराने फोन घेतला आणि नाताळआधी अर्धी रक्कम देतो म्हणाला. अजून आलेली नाही. म्हणून त्या बाईबरोबर वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात जायचं ठरलंय, आणि वहीच्या त्या पानांच्या झेरॉक्स काढून ठेवल्यात.

दुसरंही एक काम हातात घेतलंय. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी झाली की मुलांच्या शिक्षणाला, आजारपणात, अपघातात मदत मिळते. त्यासाठी वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. नाक्यावरच्या माणसाचा मालक रोज वेगळा, मग दाखल्यावर सही कोण करणार? इथेच सगळं अडतं, आणि इथेच आपल्या ओळखीपाळखी कामाला येतील. आपल्या गावठाणातल्या कितीतरी घरांची कामं याच माणसांनी केलीत.

आगमनकाळाच्या चौथ्या रविवारी मराठी मिस्सेनंतर आम्ही हॉलमध्ये टेबल मांडतोय. ज्यांना ऑनलाइन फॉर्म भरता येतो त्यांनी या, लॅपटॉप घेऊन या. आणि ज्यांच्या घराचं काम सध्या चालू आहे त्यांनी येण्याआधी मुकादमाला विचारा, मिस्त्री आणि बिगाऱ्यांचा हिशोब कुठवर आलाय.