तुम्ही विचारलंत म्हणून: युद्धातल्या कोलंबोला मी कांदा कसा पाठवला

पिंपळगाव बसवंतला आमच्या खळ्यावर येणारी पोरं विचारतात, अर्थशास्त्र शिकणारा पुतण्या विचारतो, बाजार समितीत चहाला बसलं की कुणी ना कुणी विचारतंच. ‘काका, तिकडे पंचवीस वर्षं आपसात लढाई चालली होती ना? मग माल कसा पाठवायचात? आणि तो देश बुडाला कसा नाही?’ २०२२ मध्ये श्रीलंकेने परदेशी कर्जाची फेड थांबवली, तेव्हापासून तर जास्तच विचारतात. युद्धात तगलेला देश शांततेत कसा कोसळला, हे लोकांना कळत नाही.

मी अर्थतज्ज्ञ नाही. १९९१ पासून वीसेक वर्षं कोलंबोला कांदा पाठवला, त्या निमित्ताने वर्षातून एक-दोनदा तिकडे गेलो, एवढीच माझी शिदोरी. पण प्रश्न महत्त्वाचा आहे आणि त्याचं जे उत्तर सर्रास दिलं जातं ते मला अर्धवट वाटतं, म्हणून सविस्तर लिहितो.

श्रीलंकेत आपल्या मोठ्या कांद्याला ‘बॉम्बे लूनु’ म्हणतात. लूनु म्हणजे कांदा. कोलंबोच्या पेट्टा भागात फोर्थ क्रॉस स्ट्रीट नावाची गल्ली आहे. कांदा, बटाटा, सुकी मिरची, डाळी, सगळ्यांचा घाऊक बाजार तिथे. गोण्या पाठीवर घेऊन हमाल धावतात, गाड्या उलट्या लावलेल्या असतात, बोळात पाय ठेवायला जागा नसते. आपल्याकडचा माणूस तिथे पाच मिनिटांत रुळतो. माझा गिऱ्हाईक तिथला एक मुदलाळी होता, म्हणजे गाळ्याचा मालक. उत्तरेकडच्या जाफन्याचा तमिळ. वयाने माझ्याहून पुष्कळ मोठा, म्हणून मी त्यांना अण्णै म्हणायचो. जाफन्याकडे थोरल्या भावाला तसंच म्हणतात. १९८३ च्या जुलैत कोलंबोत तमिळांची घरं-दुकानं जाळली, तेव्हा त्यांचा गाळाही गेला. भिंती राहिल्या होत्या. त्याच भिंतींवर त्यांनी पुन्हा छप्पर घातलं आणि धंदा उभा केला.

आता तो नेहमीचा प्रश्न. देश बुडाला कसा नाही? आकडा खरंच चकित करणारा आहे. १९८३ ते २००९ या युद्धाच्या काळात श्रीलंकेची अर्थव्यवस्था वर्षाला सरासरी ५ टक्क्यांच्या आसपास वाढत राहिली. कित्येक शांत देशांना हे जमत नाही.

त्याचं पहिलं कारण नकाशात आहे. लढाई उत्तरेला आणि पूर्वेला, सरकारचं सैन्य आणि वेगळं तमिळ राज्य मागणारे ‘वाघ’, म्हणजे एलटीटीई, यांच्यात. पैसा मात्र पश्चिमेला आणि डोंगरात. कोलंबोचं बंदर, कटुनायक आणि बियगमचे कपड्यांचे कारखाने, नुवारा एलियाकडचे चहाचे मळे, आखातात घरकामाला गेलेल्या बायकांनी पाठवलेले पैसे, यांतलं जवळजवळ काहीच बंदुकीच्या टप्प्यात नव्हतं. एकटा पश्चिम प्रांत देशाच्या उत्पन्नाचा निम्म्याच्या आसपास वाटा उचलायचा. उत्तर प्रांताचा वाटा २००० नंतरच्या काळात जेमतेम ३ टक्क्यांपर्यंत आला होता.

याचा पुरावा हवा असेल तर १९८७ ते १९८९ ही वर्षं पाहा. तेव्हा दक्षिणेत सिंहली तरुणांचा, जनता विमुक्ती पेरमुनाचा उठाव झाला. त्यांनी फर्मान काढलं की दुकानं बंद, बस बंद, कारखाने बंद. कुणी मोडलं तर मरण. आणि सरकारी बाजूने त्याहून भयंकर सूड. त्या तीन वर्षांत वाढ ३ टक्क्यांच्याही खाली राहिली. रक्त दोन्हीकडे सांडत होतं, पण आकडा हलला तो दक्षिणेतल्या रक्ताने. अण्णैंनी हे मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. जाफना जळतो तेव्हा बाजार एक दिवस हळहळतो, कोलंबो बंद पडतं तेव्हा बाजार बंद पडतो, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा मला ते कडवट वाटलं. पुढे कळलं, ते फक्त हिशेब सांगत होते.

पण सगळं श्रेय नकाशाला देणं अन्यायाचं होईल. तिथल्या राज्यकर्त्यांनी, त्याहून जास्त तिथल्या कारकुनांनी आणि अधिकाऱ्यांनी, काही गोष्टी निष्ठेने सांभाळल्या आणि त्याबद्दल मला आजही आदर आहे. १९७७ ला उघडलेली बाजारपेठ त्यांनी युद्धाच्या नावाखाली पुन्हा बंद केली नाही. फुकट शाळा आणि फुकट दवाखाना चालू ठेवला. वाघांच्या ताब्यातल्या भागातसुद्धा शिक्षकांचे, डॉक्टरांचे, गावच्या सरकारी माणसांचे पगार कोलंबोहूनच जात राहिले. ज्या गावात सैन्याची गाडी शिरू शकत नव्हती, तिथे सरकारचा पगार पोचत होता. दक्षिणेतल्या उठावानंतर राष्ट्राध्यक्ष प्रेमदासांच्या सरकारने १९९२ मध्ये दोनशे कपडे-कारखान्यांची योजना काढली आणि शिलाईचं काम कोलंबोबाहेर खेड्यापाड्यांत नेलं. त्यांच्या बाकीच्या राजकारणाबद्दल माझं मत चांगलं नाही, पण तरुणांच्या हातातली बंदूक सोडवायची तर त्या हाताला काम द्यावं लागतं, हे त्यांना कळलं होतं.

३१ जानेवारी १९९६ ला वाघांचा स्फोटकांनी भरलेला ट्रक कोलंबोतल्या सेंट्रल बँकेच्या दारावर आदळला. ९१ माणसं गेली, १४०० च्या आसपास जखमी झाली. माझे एका खेपेचे कागद तेव्हा तिथूनच हाकेच्या अंतरावरच्या एका बँकेत होते. एलसीचा, म्हणजे बँकेच्या हमीपत्राचा, पैसा बुडाला असं मी धरून चाललो होतो, इथल्या शेतकऱ्यांना काय तोंड दाखवायचं हाच घोर. अण्णैंचा फोन लागला पाचव्या दिवशी. त्यांच्या ओळखीचा एक कारकून त्या स्फोटात गेला होता, ते आधी त्याच्याबद्दल बोलले. मग म्हणाले, पैसे येतील. आणि आले, काही दिवस उशिरा. सेंट्रल बँकेने दुसऱ्या जागेतून काम सुरू केलं होतं. ज्यांचे सहकारी आदल्या आठवड्यात ढिगाऱ्याखालून काढले, ती माणसं टेबलाशी बसून देशाची देणी चुकती करत होती. परदेशातला व्यापारी एखाद्या देशाला माल पाठवत राहतो तो अशा माणसांच्या भरवशावर.

एकदा मात्र हा भरवसाही पुरला नाही. २४ जुलै २००१ च्या पहाटे वाघांच्या आत्मघाती तुकडीने कटुनायकच्या हवाई दलाच्या तळावर आणि शेजारच्या विमानतळावर हल्ला केला. हवाई दलाची विमानं तर जळालीच, श्रीलंकन एअरलाइन्सचाही जवळपास निम्मा ताफा जळाला किंवा निकामी झाला. प्रवासी एकही मेला नाही. पण खरा घाव बसला लंडनमध्ये. तिथल्या विमा कंपन्यांनी श्रीलंकेला युद्धक्षेत्र ठरवलं आणि जहाजांचा, विमानांचा युद्धविमा एका फटक्यात अफाट वाढवला. काही जहाजांनी कोलंबो टाळलं, बाकीच्यांनी भाड्यावर जादा आकार लावला.

तेव्हा माझे तीन कंटेनर न्हावाशेव्याला पडून होते. उन्हाळ कांदा, चाळीतून निवडून काढलेला, पण जुलैची दमट हवा आणि लोखंडी पेटी. जादा आकार कोण देणार यावर आमची फोनाफोनी, जहाज कधी सुटणार याचा पत्ता नाही. माल कोलंबोला पोचला तेव्हा कांद्याला मोड आले होते, खालच्या थरातल्या गोण्यांना पाणी सुटलं होतं. अण्णैंनी नुकसान निम्मं निम्मं वाटून घेतलं. तसा करार नव्हता.

त्या वर्षी श्रीलंकेची अर्थव्यवस्था दीड टक्क्याने आकसली. स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदाच. दुष्काळ होता, वीजकपात होती, जगभर मंदी होती, हे सगळं खरं. पण बेटाला बंदर म्हणजे श्वासनलिका, आणि ती आवळली गेली होती. सरकारने लंडनच्या विमेकऱ्यांकडे मोठी रक्कम अनामत ठेवून दर खाली आणायची धडपड केली. शहाणपणाचं पाऊल होतं ते. देशाची वाढ वाचवायची म्हणजे कधीकधी तोफा विकत घेण्याऐवजी विम्याचा हप्ता भरायचा, हे मी त्या वर्षी शिकलो.

आता जे उत्तर मला अर्धवट वाटतं, त्याकडे येतो. ‘त्यांनी वाढ टिकवली’ असं आपण म्हणतो तेव्हा कुणाची टिकवली हे विचारत नाही.

जाफना हा कांद्याचा मुलूख होता. लहान, लाल, तिखट कांदा. वलिकामम भागातली तांबडी माती, विहिरीचं पाणी, आणि माणसं आपल्या निफाडच्या शेतकऱ्यासारखी कष्टाळू. मिरची, तंबाखू, द्राक्षंसुद्धा. १९९० पासून सरकारने उत्तरेकडे इंधन, खतं, सिमेंट, बॅटऱ्या जाऊ देणं बंद केलं. खत नाही आणि पंपाला इंधन नाही म्हटल्यावर कांदा कसला पिकतो? कांकेसंतुरैचा सिमेंट कारखाना त्याच वर्षी बंद पडला. पलालीच्या लष्करी तळाभोवती सैन्याने कुंपणं वाढवत नेली आणि ती तांबडी माती कुंपणाच्या आत गेली. किनाऱ्यावरची मासेमारी बंदीने मारली. आणि वाघांनी काय केलं? त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात उत्तरेतल्या साऱ्या मुसलमानांना, सत्तर हजारांच्या आसपास माणसांना, घरंदारं सोडून निघून जायला लावलं. जाफन्यात तर दोन तास दिले. त्यांत पिढ्यान्‌पिढ्यांचे व्यापारी होते. मग उरलेल्या मालावर वाघांनी आपली करवसुली बसवली. शेतकऱ्याला दोन्हीकडून पिळलं. ते ५ टक्के मोजताना हा मुलूख जवळजवळ गणतीतच नव्हता.

मला हे बोलायला जड जातं, कारण मी त्यात नफ्याच्या बाजूला होतो. जाफन्याचा माल बाजारात येईना, म्हणून पेट्ट्यात माझ्या गोण्यांना जास्त जागा झाली. बॉम्बे लूनु आणि तो लहान कांदा एक नव्हेत, चवीने खाणारा कधी गल्लत करणार नाही. पण गरीब घरातली बाई जे मिळेल, परवडेल ते चिरते.

दुसरं जे गणतीत नव्हतं ते कर्ज. युद्धाचा खर्च आधी करातून काढला, १९९२ पासून संरक्षणाचा वेगळा कर होता. मग उधारी वाढत गेली, आणि २००७ मध्ये, युद्ध ऐन भरात असताना, श्रीलंकेने पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय बाजारात ५० कोटी डॉलरचे रोखे सव्वाआठ टक्के व्याजाने विकले. युद्धानंतर तीच सवय आणखी लागली. २०२२ ची नादारी एकट्या युद्धाने आणली असं मी म्हणणार नाही, युद्धानंतरच्या चुका मोठ्या आहेत. पण पोरांनो, ‘युद्धात तगला’ या शब्दात उधारीही धरा.

मग वाढ सांभाळायची कशी, असं पुतण्या हट्टाने विचारतो. मी त्याला रस्त्याबद्दल सांगतो. कँडीहून जाफन्याला जाणारा ए-नाइन रस्ता. फेब्रुवारी २००२ मध्ये नॉर्वेच्या मध्यस्थीने युद्धबंदी झाली आणि बारा वर्षांनी तो रस्ता उघडला. विम्याचे दर उतरले, आकसलेली अर्थव्यवस्था वर्षभरात ४ टक्क्यांनी वाढली. कुठला कारखाना, कुठली सवलत, कुठली अनामत एवढं करू शकली नव्हती, तेवढं एका मोकळ्या रस्त्याने केलं. तपासणी नाकी होती, वाघांची वसुलीही होती, तरी ट्रक जात होते.

अण्णै पहिल्या काही आठवड्यांतच गावी जाऊन आले. घराची एक भिंत उभी होती म्हणे, आणि विहीर. पुढच्या हंगामात त्यांचा फॅक्स आला. जाफन्याचा लहान कांदा आता रस्त्याने पेट्ट्यात येऊ लागलाय, तेव्हा दर महिन्याला दोन कंटेनर कमी पाठव. खाली हाताने लिहिलं होतं, वाईट वाटून घेऊ नकोस. मी घेतलं नाही. तो फॅक्स आमच्या घरच्यांना वाचून दाखवला होता.

ऑगस्ट २००६ मध्ये तो रस्ता पुन्हा बंद झाला. सप्टेंबरात अण्णैंनी त्या दोन कंटेनरची मागणी परत घातली.