ज्या कामाला रकानाच नाही

आदर्श शिक्षक पुरस्काराचे प्रस्ताव मागवलेत असा आमच्या शाळांच्या केंद्राच्या ग्रुपवर मेसेज पडला तेव्हा मला पहिलं नाव आठवलं ते आमच्या बाईंचं. आमच्या म्हणजे तशा आमच्या शाळेच्या नाहीतच त्या, समावेशित शिक्षणच्या म्हणजे दिव्यांग पोरांसाठीच्या विशेष शिक्षिका, सरकारच्या समग्र शिक्षा योजनेत कंत्राटी, वर्ग नाही हजेरीपट नाही, तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवरच्या शाळा स्कूटीवर फिरतात.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचा बालाघाटचा डोंगरपट्टा, दिवाळी झाली की आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला जातात आणि पोरं आजीकडं नाहीतर हंगामी वसतिगृहात. तिसरीतला एक पोरगा असाच आजीकडं राहिलेला. वाचन शून्य, बोलणं तोतरं, हाक मारली की ढिम्म. मी प्रगतीपुस्तकात दोन वर्ष "लक्ष देत नाही" असाच शेरा मारत आलो होतो.

बाई आल्या त्या दिवशी खिचडीची सुट्टी चाललेली. वऱ्हांड्यात पंगत बसलेली आणि बाईंनी त्याच्या मागं उभं राहून स्टीलचं ताट फरशीवर पाडलं, मुद्दाम. सगळी पंगत वळली, हा खाली मान घालून खिचडी खातोय. बाई माझ्याकडं बघून काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं. मग म्हणल्या आरबीएसकेच्या तपासणीची चिठ्ठी असेल की. ती पोरांच्या आरोग्य तपासणीची सरकारी टीम वर्षातून एकदा शाळेत येते, त्यांनी कानासाठी जिल्ह्याला पाठवा असं लिहून दिलं होतं आणि ती चिठ्ठी निघाली माझ्याच कपाटात, पोषण आहाराच्या फाईलखाली.

बुधवारी जिल्हा रुग्णालयात दिव्यांग प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांचा बोर्ड असतो म्हणून पहाटेची एसटी धरली, बाई, आजी, पोरगा आणि चिठ्ठी मीच दाबून ठेवली म्हणून मीही. कानाची बेरा म्हणून तपासणी असते, डोक्याला वायरी चिकटवतात आणि त्यासाठी पोरगं झोपलेलं लागतं. हे मला माहीतच नव्हतं. बाईंनी आजीला आदल्या रात्री बजावून ठेवलं होतं, बाराच्या आत झोपू द्यायचं नाही, तीनला उठवायचं. एसटीत मला वाटलं पोरगं पेंगतंय, घ्यावं मांडीवर, तर बाई लगेच, "सर झोपवू नका, आत्ता झोपलं तर तिथं टक्क जागं राहील आणि परत पुढची तारीख." अडीच तास त्या त्याला गुदगुल्या करत होत्या, खिडकीतून बैलगाड्या दाखवत होत्या, आजी आपली म्हणतीये आवं बाई पोराचा जीव जाईल. तपासणीच्या खोलीत गेला आणि पाच मिनिटात घोरायला लागला.

केसपेपरच्या खिडकीवर एक अडलंच, आधारवर नावाचं स्पेलिंग वेगळं आणि शाळेच्या दाखल्यावर वेगळं. माझ्या पोटात गोळा, आता परत गावाला. बाईंनी पिशवीतून बोनाफाईड काढलं, आधारच्या स्पेलिंगप्रमाणं, खाली माझीच सही. चार दिवस आधी घेऊन गेल्या होत्या, मी न वाचताच केली होती! त्या पिशवीत काय नव्हतं म्हणता, फोटो, डिंकाची बाटली, शाईचं पॅड (आजीचा अंगठा), झेरॉक्स, पार्लेजीचे दोन पुडे.

प्रमाणपत्र 40 टक्क्यांच्या वर आलं, पुढं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, पोस्टानं आलं, कानाची मशीन शिबिरात मिळाली. मशीन लावल्यावर पहिले आठ दिवस पोरगा घंटा वाजली की रडायचा हेही सांगतो, लगेच जादू वगैरे काही होत नाही. आता पाचवीत आहे, पुढच्या बाकावर बसतो, भांडखोर आहे.

तर तो प्रस्ताव. फॉर्ममधे वर्ग कोणता, पटसंख्या किती, निकाल किती टक्के. मी तिथं काय लिहिणार, झेरॉक्स किती? तरी लिहून पाठवला, कंत्राटी असल्यानं पात्र नाही म्हणून परत आला. मग शाळा व्यवस्थापन समितीच्या मीटिंगला विषय घेतला, अभिनंदनाचा ठराव केला, शाल नारळ आणला. आजी न बोलवता आली, तिनं खणानं ओटी भरली.

बाई खूश होत्या. निघताना स्कूटीला किक मारता मारता म्हणल्या, सर त्या ठरावाच्या दोन झेरॉक्स द्या ना, शिक्का आणि जावक नंबर टाकून, कॉन्ट्रॅक्ट रिन्यू करताना फाईलला लागतात.