काळं हॉक येतंय

मॅक लूपला कॅमेरा घेऊन येणाऱ्या बहुतेकांना एफ-१५ हे लढाऊ विमान हवं असतं, नाहीतर टायफून. मी मात्र हॉकसाठी, म्हणजे फायटर पायलट शिकवायच्या जेटसाठी, डोंगर चढतो. वेल्समधल्या या दऱ्यांतून फायटर जेटं २५० फुटांपर्यंत खाली येतात म्हणजे जेमतेम ७६ मीटर, आणि आपण कॅड वेस्टच्या उतारावर बसलेलो असलो की विमान चक्क आपल्या खालून जातं, कॉकपिट वरून दिसतं, हेल्मेट दिसतात, हे दुसरीकडे कुठं बघायला मिळणार सांगा.

हॉक टी२ अँगलसी बेटावरच्या आरएएफ व्हॅली या ब्रिटिश हवाई दलाच्या तळावरून येतं. तिथं ४ नंबरची आणि २५ नंबरची अशा दोन स्क्वाड्रन, पहिली २०११ पासून तिथं आहे आणि दुसरी २०१८ ला परत उभी केली. पुढच्या सीटवर शिकणारा, मागे इन्स्ट्रक्टर. विमानात खरा रडार नाहीच, स्क्रीनवर रडार, शत्रूची विमानं, क्षेपणास्त्रं सगळं कॉम्प्युटर उभं करतो, आणि त्या पोराला ते सगळं सांभाळत ताशी ७५०-८०० किमीने दरीची वळणं घ्यायची असतात. रंग काळा कुळकुळीत, कारण तो आकाशात लांबून चटकन दिसतो, टक्कर टळते. फोटोसाठी मात्र तोच काळा रंग जीव काढतो. ढगाळ दिवशी एक्स्पोजर थोडं वाढवलं नाही तर विमानाची नुसती सावली येते.

शटर १/१००० सेकंदाला ठेवलं की फोटो शार्प येतो खरा पण विमान हवेत टांगल्यासारखं दिसतं, मला ते आवडत नाही. मी १/३२० पर्यंत खाली येतो आणि विमानाबरोबर कॅमेरा फिरवत राहतो, दहातले आठ फोटो हलतात, पण उरलेल्या दोनांत मागचा डोंगर रेघारेघांनी पळतो आणि वेग दिसतो. आवाजाची वाट बघत बसायचं नाही, दरीच्या वळणामुळे तो ऐकू येईपर्यंत विमान समोर असतं, म्हणून नजर सतत दरीच्या तोंडावर.

परवा तीन तास काहीच नाही आणि मग एक हॉक आलं, पंख पार उभे करून. घरी येऊन फोटो मोठा करून बघितला तर पुढचं हेल्मेट वळणाच्या आतल्या बाजूला पूर्ण वर वळलेलं, पुढची दरी शोधत होता तो, मागचं हेल्मेटही तिकडंच. माझ्याकडचा आत्तापर्यंतचा सगळ्यात आवडता फोटो आहे हा.

शनिवार-रविवार सहसा उड्डाणं नसतात. सोमवारी ढग वर असले तर परत कॅड वेस्ट.