हंगामाचा सण

मिरजेत नाताळची रोषणाई बघायला सगळं गाव लोटतं, पण आमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चच्या लोकांचा, जीव हंगामाच्या सणात, पिकाबद्दल देवाचे आभार मानायच्या दिवसात. नोव्हेंबर सरताना, आगमन काळ (नाताळच्या तयारीचे आठवडे) लागायच्या तोंडावरचा हा रविवार. शेंगा-सोयाबीन घरात आलेलं, शाळू हिरवागार, साखर कारखान्यांचे बॉयलर नुकते पेटलेले. आदल्या संध्याकाळी तरुण संघाची मुलं पानांसकट ऊस आणून वेदीपुढे कमान उभी करायची आणि दुसऱ्या दिवशी आत पाऊल टाकलं की ओल्या उसाचा नि हळदीचा वास यायचा.

इथली मंडळी वाढली ती दवाखान्याभोवती. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत इस्पितळ सुरू केलं, तिथं शिकायला आणि कामाला म्हणून खेड्यापाड्यांतून कितीतरी घरं आली. त्यामुळे आमच्यात निम्मे पगारदार, निम्मे शेतीवाले. शेतीवाले भुईमुगाच्या शेंगा, हळकुंडं, तासगावचे बेदाणे, पाय बांधलेला गावरान कोंबडा घेऊन येत. रात्रपाळी उतरून तशाच आलेल्या सिस्टर लोणच्याची बरणी नाहीतर स्वतः विणलेलं बाळाचं टोपडं वेदीपाशी ठेवत. उपासनेनंतर अंगणात लिलाव. एकच तांबडा भोपळा चार-चार वेळा विकला जाई, कारण घेणारा पैसे भरून तो परत टेबलावर ठेवी. मग प्रीतिभोजन. भाकरी थापणाऱ्या मावश्यांच्या चुलीपाशी आम्हा मुलींना बसवत. मंडळीत कोण कसं, कुणाच्या घरी काय चाललंय, हे मी तिथंच शिकले.

शब्बाथशाळेतला, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातला, एक धडा मात्र कुठल्याही पुस्तकात नव्हता. आपल्याकडे पुनरुत्थानाचा सण, ईस्टर, भर उन्हाळ्यात येतो. चित्रांत हिरवळ आणि फुलं, बाहेर रखरखाट. त्याच सुमारास तासगाव-पलूसकडे द्राक्षबागांची खरड छाटणी चालते. वेली ओलांड्यापर्यंत, म्हणजे जाड आडव्या फांद्यांपर्यंत, कापून काढतात, बाग पार उघडी पडते. एका ईस्टरनंतर आम्हाला शिकवायला एक बागायतदार काका आले होते. बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा १५वा अध्याय त्यांनी वाचला, खरा द्राक्षवेल आणि छाटणी करणारा पिता. मग पुस्तक मिटून म्हणाले, "पोरांनो, पुढच्या सालचा घड कधी धरतो ठाऊक हाय? ऑक्टोबरात न्हाई. ह्या खरड छाटणीनंतर नवी काडी फुटती, तिच्या डोळ्यात आता उन्हाळ्यातच घड तयार हुतो. वरनं बघितलं तर काय दिसत न्हाई. ऑक्टोबरात छाटली की तोच भाईर येतो." आशा म्हणजे काय, हे मला त्या दिवशी जेवढं कळलं तेवढं नंतरच्या कुठल्याही संदेशातून कळलं नाही. आजारपणात, आईच्या जाण्यानंतर, मी त्या न दिसणाऱ्या घडाला धरून राहिले आहे.

आणि मग २०१९. ऑगस्टमध्ये कृष्णेनं सांगलीत आयर्विन पुलापाशी ५७ फूट ओलांडले. नदीकाठचा ऊस शेंड्यापर्यंत पाण्यात राहून कुजला, सोयाबीन गेलं. त्यातून वाचलेल्या बागा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या अवकाळीनं धरल्या, दावण्या रोगानं घड गेले. यंदा सण नको, लोकांनी आणायचं तरी काय, असं वडील मंडळाच्या, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या ज्येष्ठांच्या, बैठकीत काहीजण म्हणाले. त्यांचं म्हणणं दयेपोटीच होतं. पण महिला मंडळाच्या आजींनी ऐकलं नाही. बहात्तरच्या दुष्काळातही सण केला होता, त्या म्हणाल्या, तेव्हा वेदीवर मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या तांबड्या ज्वारीच्या, भाकरी होत्या.

त्या रविवारी पाळकसाहेबांनी बायबलातल्या हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाचा शेवटचा अध्याय वाचला. अंजीर फुललं नाही, वेलीला फळ नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. इतर वर्षी हे वचन मी सुरात म्हणून टाकलं असतं. त्या दिवशी बाकांवर खरोखरच बागा गेलेली, दावणी रिकाम्या झालेली माणसं बसली होती. हुंदके ऐकू येत होते, पण गीत सुरू झालं तेव्हा तीच माणसं उभी राहिली.

अर्पणाच्या वेळी नदीकाठचे एक तात्या परात घेऊन पुढे आले. परातीत हरभऱ्याचे कोवळे शेंडे होते. पूर ओसरल्यावर रानात गाळ बसला होता, वापसा आल्यावर त्यातच त्यांनी हरभरा टाकला होता, आणि त्याची ही पहिली खुडणी. कमानीला ऊस नव्हता, कोंबडा नव्हता, बेदाणे नव्हते. ती परात वेदीच्या मधोमध ठेवली.

लिलावात त्या भाजीवर एवढी बोली लागली की तात्या खाली मान घालून बसले. घेणाऱ्यानं ती परत दिली, पुन्हा विकली, आणि शेवटी स्वयंपाकात गेली. लसणाच्या फोडणीत घोटलेली ती भाजी प्रत्येकाच्या पानात चमचाभरच आली. आलेले पैसे घरं पडलेल्या कुटुंबांना गेले.

आता तात्यांचा मुलगा येतो, ऊसही आणतो आणि भाजीची परातही. यंदा शब्बाथशाळेच्या मुलांना ६५वं स्तोत्र पाठ करायला दिलं आहे, वर्षाला मुकुट घालणाऱ्या देवाचं. भाकरीला हात कमी पडतात, तेव्हा येणार असाल तर उपासनेच्या आधी, सकाळी लवकरच या.