मधलं मला येत नाही

स्मरणिकेसाठी लिहा, असा निरोप आला तेव्हा छड्या, डबे, गॅदरिंग असं बरंच आठवलं. ते बाकीची मंडळी लिहितीलच. मी आमच्या भूगोलाच्या सरांबद्दल लिहितो. शाळेत त्यांच्याएवढं वाचन कुणाचं नव्हतं, आणि त्यांचं बोलणं दारात उभ्या शिपाईकाकांनाही कळायचं.

नववीत जाण्याआधीच्या सुटीत, 26 मे रोजी, सरांनी आम्हाला भर दुपारी मैदानावर बोलावलं. 45 अंशांत नागपूरकर कूलरसमोरून हलत नाही. आम्ही डोक्याला दुपट्टे गुंडाळून गेलो. सरांनी ओळंबा लावून लोखंडी नळी उभी केली. नागपूर 21 अंश अक्षांशाच्या किंचित वर, म्हणून वर्षातून दोनच दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते, एवढंच त्यांनी सांगितलं. दुसरी दुपार जुलैच्या मध्यात, पण तेव्हा ढगांचा काय भरवसा!

किती वाजता होईल, ते आम्हालाच काढायला लावलं. भारतभराचं घड्याळ 82.5 रेखांशाचं, आपण 79.1 वर, त्याच्या पश्चिमेला, म्हणून सूर्य डोक्यावर यायला अंशाला चार मिनिटं उशीर. म्हणजे बारा वाजून तेरा-चौदा मिनिटं. सावली मात्र बारा-दहाच्या सुमारासच नळीच्या बुडाशी गडप झाली.

"सर, तीन मिनिटं काऊन कमी?"

सरांनी काहीतरी ठोकून दिलं असतं तरी आम्हाला काय कळणार होतं? घाम पुसत ते म्हणाले, "तुमचा हिशेब बरोबर, सावलीही बरोबर. मधलं मला येत नाही. पाहून सांगतो."

शाळा उघडल्यावर सांगितलं. सूर्याभोवती फिरताना पृथ्वी कधी वेग घेते, कधी मंदावते, शिवाय तिचा आस कललेला. म्हणून सूर्याची दुपार घड्याळाच्या मागेपुढे सरकत राहते, मेअखेरीस तीनेक मिनिटं आधी येते. हे कुणाकडून समजून घेतलं, तेही सांगून टाकलं : धंतोलीत राहणाऱ्या स्वतःच्याच एका माजी विद्यार्थ्याकडून. आम्हाला त्याचं फार नवल वाटलं. सरांना वाटलेलं दिसलं नाही.

पुढे मी माती तपासणीच्या कामात पडलो. तिथे हुशार माणसांची वानवा नव्हती, सरांसारख्यांची होती. काटोलकडच्या एका मेळाव्यात एक साहेब 'फ्री कॅल्शियम कार्बोनेट' आणि 'आयर्न क्लोरोसिस'वर तासभर बोलले. संत्र्याचे बागायतदार माना डोलावत होते. चहाच्या वेळी त्यातल्याच एकाने मला बाजूला घेतलं. "काय म्हणलं जी साहेबानं?"

म्हटलं, तुमच्या मातीत चुनखडी जास्त आहे. लोह आहे, पण ते झाडाला घेता येत नाही, म्हणून नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. फवारणीने तेवढ्यापुरतं भागेल. पण चुनखडी 10 टक्क्यांच्या वर असेल, तर तिथे संत्रा लावायच्या आधीच विचार करायला हवा.

त्याने पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. बाग लावण्याआधी करून घेतलेल्या माती परीक्षणाचा अहवाल. आकडा होता, दोन दशांश स्थळांपर्यंत. शेरा इंग्रजीत.

"हेच लिवलं हाय का जी याच्यात?"

"हो," म्हणालो. त्याची झाडं तेव्हा सहा वर्षांची झाली होती.