तुम्ही विचारलंत म्हणून: स्टोन नव्हता, मग होतं काय?

‘शेवटी स्टोनच निघाला ना?’ लग्नाच्या पंगतीत, लिफ्टमध्ये, भाजी घेताना, कुठेही विचारतात. नाही हो. स्टोन कधी नव्हताच.

डाव्या कुशीत दुखायचं आणि अधूनमधून लघवी कोकम सरबतासारखी लाल व्हायची. दोन वर्षांत चार सोनोग्राफ्या, चारही नॉर्मल. कल्चरमध्ये जंतू नसतानाही इन्फेक्शनच्या गोळ्या झाल्या. शेजारच्या काकूंनी कुळथाचं कढण पाजलं. ते चवीला तरी बरं होतं.

मग एका यूरॉलॉजिस्टनी लाल लघवी चालू असतानाच दुर्बीण घातली. मूत्राशय स्वच्छ, उजवी नळी स्वच्छ, डाव्या नळीच्या तोंडातून मात्र लालसर धार. पाचव्या सोनोग्राफीच्या चिठ्ठीवर त्यांनी एकच ओळ जास्त लिहिली: ‘लेफ्ट रीनल व्हेन डॉपलर’. आधीच्या चारांत खडे आणि सूज शोधली होती. शिरेतल्या रक्ताचा वेग कुणी मागितलाच नव्हता, मग मोजणार कोण?

डाव्या किडनीची शीर महाधमनीच्या पुढून आडवी उजवीकडे जाते. तिच्यावरून आतड्यांना रक्त नेणारी धमनी खाली उतरते. या दोघींच्या बेचक्यात माझी शीर सापडली होती, अडकित्त्यात सुपारी सापडावी तशी. नावही तेच: नटक्रॅकर. 1972 साली द शेपर यांनी ते रूढ केलं. पुढे वाट अरुंद, म्हणून मागे दाब वाढतो, किडनीतल्या बारीक शिरा फुटतात. उजव्या शिरेला हे ओलांडणं नाही, म्हणून दुखणं डावीकडचं.

सीटीत शीर चोचीसारखी निमुळती दिसली. मी लगेच ‘सापडलं!’ म्हणाले, डॉक्टर नाही म्हणाले. अशी चिमटलेली शीर ठणठणीत माणसांतही दिसते. म्हणून जांघेतून बारीक नळी घालून शिरेतला दाब मोजला. चिमट्याच्या अलीकडे-पलीकडे दाबातला फरक एरवी शून्य ते एक मिलिमीटर पारा असतो, तीन किंवा जास्त असेल तर संशय पक्का होत जातो. माझा पाच.

टायफॉइडमध्ये माझं नऊ किलो वजन गेलं होतं. त्या बेचक्यातली चरबी उशीसारखी असते, तीही गेली असणार. ऑपरेशन आहे, पण मोठं. आधी वजन वाढवून बघू, असं ठरलं. (‘जाड व्हा’ असं डॉक्टरांनी सांगितलेली आमच्या घरात मी पहिलीच.) सध्या 41 वरून 46 वर आलेय. लघवीच्या रिपोर्टात लाल पेशींपुढे ‘प्लेंटी’ लिहून यायचं, परवा ‘8-10’ आलं.