नवरदेवाचा अंगठा

फेब्रुवारीतली दुपार होती. पार्लरात गिऱ्हाईक नव्हतं, मी टॉवेल घड्या करून ठेवत होते. दारात एक बाई आणि तिच्यामागे सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा उंचापुरा मुलगा. पाटी 'फक्त महिलांसाठी' अशी, त्यामुळे तो उंबऱ्याबाहेरच थांबला.

"हा माझा भाचा. येळ्ळूरचा," बाई म्हणाल्या. "मेमध्ये लग्न आहे. पायाचं एक काम आहे बघ, आणि हा लाजून मरालाय."

"आत्ती, जाऊ दे की," तो मागून पुटपुटला.

बेळगावच्या शहापुरात पंधरा वर्षं पार्लर चालवतेय. पुरुष गिऱ्हाईक मी घेत नाही. पण आत्तीच्या मागे उभा राहून तो उजवा पाय डाव्या पायामागे लपवत होता, बूट घातलेला असूनसुद्धा. मी म्हटलं, या आत, पडदा ओढते.

मोजा काढला. उजव्या अंगठ्यावर नख जेमतेम सहा-सात मिलिमीटर. पुढचा सगळा भाग नुसता, गुलाबी, चिवट कातडीचा. आणि अंगठ्याचं टोक वर उचललेलं, नखाच्या वाटेत बांध घातल्यासारखं. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत तो मोल्डिंगला आहे. दिवाळीच्या आधी मोल्डिंग बॉक्स, म्हणजे साच्याची जड पेटी, पायावर पडला. हाड वाचलं, नख मुळापासून निघालं.

"दुखत नाही आक्का. पण लग्नात सासरे पाय धुणार. सगळ्यांच्या समोर. चारशे माणसं."

मला पटकन काही बोलता आलं नाही. आपल्याकडे नवऱ्या मुलीच्या पायांची केवढी काळजी घेतात, मेंदी, जोडवी, पैंजण. पण ताम्हनात पाय ठेवून बसतो तो नवरदेव, आणि मुलीचा बाप वाकून ते पाय धुतो. त्या घटकेला सगळ्यांच्या नजरा पायांवर असतात, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

आत्तींना वाटत होतं, मी आजच नख चिकटवून देईन. मी नाही म्हटलं.

त्यामागे एक जुनी गोष्ट आहे. पार्लर सुरू करून तीन-चार वर्षं झाली असतील. एका बाईंच्या पायाचं नख पुढून सुटलं होतं, आत पोकळी होती. मी ती पोकळी जेलने, म्हणजे दिव्याखाली घट्ट होणाऱ्या नखाच्या लेपानं, भरून वर छान रंग लावून दिला. दीड महिन्याने त्या आल्या आणि जेल काढलं तर खालचं नख हिरवं. कोंडलेल्या ओलीत स्यूडोमोनास नावाचे जिवाणू वाढतात, त्यांचा तो रंग. बाईंना औषध घ्यावं लागलं, आणि ते नख पूर्ण वाढून यायला वर्षाच्या वर गेलं. त्यांनी मला एक शब्द वावगा बोलला नाही, म्हणून ते जास्त लागलं. तेव्हापासून मी आधी खाली काय आहे ते बघते, वर काय लावायचं ते नंतर.

मी भिंग घेतलं. साखर आहे का, पायाला मुंग्या येतात का, जखम चिघळली होती का, हे सगळं विचारलं. ज्याला मधुमेहामुळे पायाची जाणीव कमी झालीय त्याच्या पायाला मी डॉक्टरांच्या होकाराशिवाय हात लावत नाही, कारण खाली काही रुतलं तर त्याला कळणारच नाही. याला तसलं काही नव्हतं. नखावर एक तपकिरी ठिपका होता. त्याच्या मागे, मुळाकडे, स्वच्छ नख आलेलं दिसत होतं, म्हणजे साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकत होतं. तीच जर मुळापासून निघालेली काळी पट्टी असती, रुंद होत चाललेली, कातडीवर उतरलेली, तर मी त्याला त्याच दिवशी दवाखान्यात पाठवलं असतं. त्वचेचा एक वाईट कर्करोग तसा सुरू होऊ शकतो.

पण नखाची एक कड पिवळट आणि भुसभुशीत होती. तेवढ्यासाठी त्याला त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी नखाचा कीस काढला, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बघितला. बुरशी निघाली नाही, बूट घासून कड तशी झाली होती. निघाली असती तर कित्येक आठवडे गोळ्या, आणि लग्नाआधी माझ्याकडून काही होणं शक्य नव्हतं. अंगठ्याचं टोक चिकटपट्टीने खाली ओढून कसं बांधायचं तेही डॉक्टरांनीच त्याला दाखवलं. वरून नखाचा दाब नसला की टोकाचं मांस वर येतं, मग वाढणारं नख त्यावर आपटतं आणि आत रुतायला लागतं. म्हणून रोज रात्री पट्टी.

पायाच्या अंगठ्याचं नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढतं, हाताच्या नखाच्या निम्म्यानं. पूर्ण यायला वर्ष ते दीड वर्ष. फेब्रुवारी ते मे, हिशेब करून मी त्याला सांगितलं, "चार मिलिमीटर तुझं तू मिळवशील. बाकीचं माझ्याकडे."

एप्रिलमध्ये एकदा खोटं नख लावून बघितलं. नऊ दिवसांत कोपरा उचलला. सेफ्टी शूजमध्ये दिवसभर घाम, आणि मी टिप, म्हणजे ते तयार खोटं नख, जरा लांब ठेवली होती, ती बुटाला टेकत होती. सगळं काढून टाकलं. आखूड आणि पातळ, हे त्या नऊ दिवसांनी शिकवलं.

मग खरी अडचण आली ती हळदीची. हळदीचा डाग जेलवर बसला की पिवळा राहतो. आत्तींना मी सांगितलं, हळदीत उजवा अंगठा सोडा. त्या ऐकेनात. "अगे, हळद पायापासनंच चढवतात. पाय, गुडघे, खांदे, मग डोकं. सुरुवातच सोडू काय?" त्यांचं बरोबरच होतं. तेव्हा ठरलं, हळद आदल्या संध्याकाळी होऊ दे, नख लग्नाच्या दिवशी पहाटे. अक्षता साडेबाराच्या, कार्यालय खानापुरात, तासाभराची वाट. साडेआठला त्याला माझ्या दारातून सुटायला हवं.

तो साडेपाचला आला. धाकट्या भावाच्या गाडीवर मागे बसून, अंगावर हळदीनं पिवळा झालेला बनियन, वर जॅकेट, आणि हातात चपलांची पिशवी. लग्नासाठी अथणीच्या वहाणा घेतल्या होत्या. कोल्हापुरी म्हणून जे नाव चालतं त्या चपला आपल्या भागातही तेवढ्याच बनतात, २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूरबरोबर बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हेही जिल्हे त्यात होते. मला मात्र त्या वहाणांचा चामड्याचा अंगठा बघून धस्स झालं. पाय त्यात सरकवताना तो पट्टा नेमका नखाच्या कडेला घासणार.

त्याहून मोठी गोष्ट हळदीतलं तेल. नखाच्या कडेच्या खाचेत पिवळं तेल मुरलेलं. तेलकट नखावर काही म्हणजे काही धरत नाही. साबणाच्या पाण्यानं मऊ ब्रशने दोनदा धुतलं, पुसलं, पंख्याखाली पंधरा मिनिटं कोरडं होऊ दिलं. मग बारीक दाण्याच्या, १८० नंबरच्या फाइलनं नखाची फक्त चकाकी काढली, एक-एक हलका हात, कारण नवं नख कागदाएवढं नाजूक असतं. स्पिरिट लावलेल्या पॅडवर पिवळं आलं. पुन्हा पुसलं. पुन्हा पिवळं. चौथ्या पॅडला पांढरं राहिलं तेव्हा माझा श्वास सुटला.

नख आता दहा मिलिमीटरच्या वर आलं होतं आणि टोक बरंच खाली बसलं होतं. रात्रीच्या पट्ट्या त्यानं चुकवल्या नव्हत्या.

मी अॅक्रिलिक वापरलं नाही. पावडर आणि लिक्विडचं ते काम हाताच्या नखांवर मजबूत बसतं. दाताच्या कवळीच्या मसाल्याच्या जातकुळीतलंच ते. पण चालताना अंगठा प्रत्येक पावलाला वाकतो, आणि कडक नख वाकत नसलं की खालचं खरं नख उपटतं. म्हणून मऊ जेलची पायाच्या नखाची टिप घेतली. ती अंगठ्याच्या रुंदीला घासली, मागची बाजू पातळ केली, म्हणजे जोड दिसू नये. जेल फक्त त्याच्या स्वतःच्या नखावर लावलं. पुढचा भाग कातडीवर नुसता टेकलेला, चिकटवलेला नाही. न सुकलेलं जेल कातडीला लागत राहिलं तर अॅलर्जी होते आणि ती जन्मभर राहू शकते. पुढे दातात सिमेंट भरतानाही तिचा त्रास होऊ शकतो. बारीक लाकडी काडीनं मी कडेचं सगळं जेल पुसून घेतलं आणि मग पाय जेल घट्ट करायच्या दिव्याखाली ठेवला.

"भाजालंय," तो दहा सेकंदांत म्हणाला. जेल घट्ट होताना गरम होतंच. पाय बाहेर, थोडं थांबून पुन्हा आत. पूर्ण साठ सेकंद झाल्यावर टिप धरून हलकेच ओढून बघितली. पक्की होती.

आता रंग. इथं मला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि त्या वेळाचं मला समाधान आहे. बायकांच्या नखांना आपण गुलाबी, तुकतुकीत करतो. याला तसं केलं असतं तर लांबून ओळखू आलं असतं. मी त्याचा डावा अंगठा शेजारी ठेवायला सांगितला आणि त्याच्याकडे बघत राहिले. ते नख गुलाबी नव्हतंच. किंचित पिवळसर, बुटात राबलेल्या माणसाचं. त्यावर उभ्या बारीक रेघा, मधली एक जास्त ठळक, आणि मुळाशी अर्धचंद्र जवळजवळ नाहीच. मी कव्हर जेलमध्ये, म्हणजे नखाच्या रंगाच्या जेलमध्ये, पिवळ्याचा अगदी टाचणीएवढा थेंब मिसळला. सगळ्यात बारीक ब्रशनं मधली ठळक रेघ घेतली, मग शेजारच्या चार. वर न चकाकणारा मॅट टॉप कोट. कडा सरळ न ठेवता डाव्यासारखी उजवीकडे थोडी झिजलेली ठेवली.

त्याचा भाऊ भिंतीला टेकून पेंगत होता. तो उठून जवळ आला, दोन्ही अंगठ्यांकडे बघितलं आणि विचारलं, "खोटं कुठलं?"

नवरदेव काही बोलला नाही. पायाची बोटं दोन-तीनदा वर-खाली केली फक्त.

वहाणेच्या चामडी अंगठ्याला मी आतून थोडं खोबरेल चोळलं, तो नरम पडला, मग नखावर तेल जाऊ नये म्हणून तो कोरड्या फडक्यानं पुसून घेतला. वहाण घालताना टाच आधी दाबायची, बोटं नंतर सरकवायची, असं चारदा घालून दाखवायला लावलं. पाय धुतल्यावर टिपेखाली पाणी राहील, तिथं टॉवेलचं टोक घालून पुसायचं. दुखलं किंवा लाल झालं तर लग्न असो नसो, मला फोन. आणि एका महिन्यात काढायला यायचं, त्याहून एक दिवस जास्त ठेवायचं नाही. पैसे आत्तींनी आधीच दिले होते. आठ वाजून पाच मिनिटांनी गाडी सुटली.

मला लग्नाचं बोलावणं होतं, पण त्या दिवशी दोन नवऱ्या मुली माझ्याकडे तयार व्हायच्या होत्या. साडेबाराला एकीच्या अंबाड्यात मी आकडे खोचत होते आणि डोक्यात ताम्हन होतं. दुपारी आत्तींनी फोटो पाठवला. सासऱ्यांचे रापलेले हात, तांब्या, ताम्हनात दोन पाय. मी फोटो मोठा करून बघितला. खोटं नख उजव्या अंगठ्याचं हे मला माहीत होतं म्हणून कळलं.

जूनमध्ये, पहिल्या पावसात, तो आला. या वेळी आत्ती नव्हत्या, बायको होती, नंदगडची. मी पडदा ओढायला गेले तर तो म्हणाला, "राहू दे आक्का."

टिप अजून घट्ट होती. वरचा थर फाइलनं हळूहळू उतरवला, खालच्या नखाला न लागता. खालचं नख कोरडं, स्वच्छ, आणि मोजपट्टी ठेवून मोजलं तर बारा मिलिमीटरला किंचित कमी. पुढची कड आता त्या मांसाच्या बांधावर चढू लागली होती, आपटत नव्हती. मी सांगितलं, आता माझं काम नाही. आणखी पाच-सहा महिने, आणि रात्रीची पट्टी.

त्याची बायको इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "बघायला आलते तेव्हा यांनी मोजे काढले नव्हते. घरातल्या सगळ्यांनी काढले, यांनी नाही. तेव्हाच कायतरी आहे म्हटलं मी."

"मग विचारायचं की," तो म्हणाला.

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले."

मी चिकटपट्टीचं रिळ घेतलं आणि एक तुकडा लावून दाखवला. टोकाच्या मांसावर एक बाजू, मग खाली ओढून अंगठ्याच्या बुडाशी दुसरी, बोटाभोवती पूर्ण वेढा द्यायचा नाही. तिनं तो तुकडा सोडवला, माझ्या हातातलं रिळ घेतलं, आणि त्याचा पाय स्वतःच्या मांडीवर ओढून दुसरा तुकडा लावायला घेतला. पहिल्यांदा सैल बसला. तिनं तो काढला आणि पुन्हा लावला.